शंभर टक्के हिरवं

सोनालीने चपलासुद्धा काढल्या नाहीत. पडवीच्या पायरीवर उभी राहून म्हणाली, "काकी, तू मला खोटी पाडलीस."

हर्षला भिजवलेले वाल सोलत बसली होती. परातीत एका अंगाला डाळिंब्या, दुसऱ्या अंगाला सालं. असं काही ऐकल्यावर माणूस हातातलं काम टाकून उठतो. हर्षलाच्या हातून दोन डाळिंब्या सालांत पडल्या, त्या तिने आधी वेचून घेतल्या आणि मग विचारलं, "कुठे?"

"खोपोलीला. नव्या नोकरीसाठी भेटले त्या मॅडमसमोर. शुक्रवारी मी त्यांना छाती ठोकून सांगितलं, कुंभिवलीला जे झालं त्यात माझी चूक नाय, तिथलं पानच फोल होतं. आता काकीच्या टिपणने ते लाल दाखवलंय, बघा तुमी. आज त्यांनी माझ्यासमोर पान उघडलं. हिरवंगार. वर शंभर टक्के लिहिलेलं."

"काय म्हणाल्या?"

"काय नाय. माझ्याकडं बघत राहिल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. शनिवारी कळवते म्हणाल्या."

"लालच आहे ते. मी स्वतः केलंय, गुरुवारी."

"मग जा आत आणि बघ," सोनाली म्हणाली आणि आली तशी निघून गेली.

टिपण म्हणजे काय, हे पळसदरीत फारसं कुणाला माहीत नव्हतं. ज्यांना ज्यांना हर्षलाने समजावून सांगितलं होतं, त्यांनी "म्हणजे झेरॉक्ससारखं का?" असं विचारून तिला गप्प केलं होतं. गोष्ट खरं तर साधी. रूबी नावाच्या संगणकाच्या भाषेत लोक प्रोग्रॅम लिहितात. त्यातल्या प्रत्येक कामाच्या तुकड्याला मेथड म्हणतात. लिहिणाऱ्याने मेथडच्या डोक्यावर दोन ओळींची टीप ठेवायची असते, की बाबांनो, हे अमुक करतं, तमुक वेळी याला हात लावू नका. टिपण तो सगळा पसारा वाचतं, टिपा उचलतं आणि बाकीच्यांना वाचता येतील अशी पानं मांडून देतं. कर्जतच्या टायपिंग क्लासमध्ये शिकवता शिकवता, उरल्या वेळात, कुणी न शिकवता हर्षलाने ते बारा वर्षांपूर्वी बनवलं. आता ते देशोदेशी चालत होतं. तिकडचे लोक त्याला 'टायपॅन' म्हणायचे. ती दुरुस्त करायच्या भानगडीत पडायची नाही.

बनवणं सोपं असतं, सांभाळणं जिवावर येतं. दर नाताळला रूबीची नवी आवृत्ती येते. जगाला सुट्टी आणि हर्षलाकडे डागडुजी. अलीकडे तर भाषेची वाक्यरचना वाचणारा भागच मुळापासून बदलला. चार महिने ती छप्पर न पाडता जुने खांब काढून नवे रोवत होती. त्या चार महिन्यांत हजारो टिपा तिच्या डोळ्यांखालून गेल्या आणि त्यातच तिला सोनालीला भोवलेली टीप सापडली.

सोनाली शेजारची. तिला हर्षलानेच शिकवलं आणि कुंभिवलीला, हायवेलगतच्या एका गोदामांच्या कंपनीत चिकटवलं. कंपनीने आपला प्रोग्रॅम सगळ्यांना बघायला खुला ठेवला होता आणि त्याची पानं टिपणवरच निघत. सहा महिन्यांपूर्वी, नोकरीच्या तिसऱ्याच आठवड्यात, सोनालीला एका गिऱ्हाइकाची बुकिंगं रद्द करायची होती. नव्या माणसाने पान वाचून काम करायचं, कुणाला विचारत बसायचं नाही, असा तिथला शिरस्ता. तिने पान वाचलं. मेथडचं नाव 'कॅन्सल ऑल'. टीप होती, 'हे सगळं कॅन्सल करतं.' गिऱ्हाइकाचं नाव द्यायला जागा होती, ती तिने भरली आणि चालवलं. नाव नुसतं नोंदीपुरतं होतं. मेथडने गोदामातलं सगळंच रद्द केलं, माल भरून उभ्या असलेल्या गाड्यांसकट. दुपारी ट्रकांची रांग हायवेला लागली आणि संध्याकाळी सोनालीच्या हातात कागद पडला. 'सूचना नीट न वाचल्यामुळे' तिला कमी करण्यात आलं होतं.

त्या पानाच्या माथ्यावर हिरवी पट्टी होती, 'शंभर टक्के'. ती पट्टी हर्षलाचीच करणी. दोन वर्षांपूर्वी तिला वाटलं, किती मेथडवर टीप आहे ते मोजून वर आकडा दाखवावा, म्हणजे लोकांना हुरूप येईल. हुरूप आला. लोक आकड्यासाठी टिपा लिहायला लागले, आणि जिथे सांगण्यासारखं होतं तिथे मेथडचं नावच उलटसुलट करून खाली चिकटवायला लागले. म्हणून गुरुवारच्या आवृत्तीत तिने मोजणी बदलली. जी टीप नावापलीकडे एक शब्द सांगत नाही, ती टीप नव्हेच, तिथे लाल. कुंभिवलीची कंपनी शंभरावरून एकतीसवर आली.

परात तशीच ठेवून ती आत गेली आणि संगणक लावला. शनिवारी, ती नेरळला भाचीच्या साखरपुड्यात वरणभात वाढत होती तेव्हा, टिपणची आणखी एक आवृत्ती बाहेर पडली होती. कारण दिलं होतं, 'ग्राहकांच्या सोयीसाठी जुनी मोजणी पूर्ववत.' संमती देणारे दोघे. प्रवीण. हरेश.

तिने ते तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा मोठ्याने वाचलं.

"कोण हरेश?" नवरा वाल्मिक दारातून म्हणाला. त्याचा कर्जतच्या बाजारात छापखाना होता. लग्नपत्रिका, फ्लेक्स, बिलबुकं. तो नुकताच घरी आला होता आणि सालांच्या परातीला वळसा घालून उभा होता.

"शालवाला."

"तो होय," वाल्मिक म्हणाला. त्यानंतर तो काही बोलला नाही, कारण लग्नाला चोवीस वर्षं झाली होती.

शालेची गोष्ट तीन वर्षांपूर्वीची. प्रवीण कुंभिवलीच्या त्याच कंपनीत होता. भिवपुरीचा मुलगा, पस्तिशीचा, हाताला चांगला. टिपणमध्ये त्याने बऱ्याच दुरुस्त्या केल्या म्हणून हर्षलाने त्याला सांभाळणाऱ्यांच्या यादीत घेतलं. कंपनीला आनंद झाला. त्यांनी बोलावून हर्षलाचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ. शाल घातली ती प्रवीणच्या साहेबांनी, हरेश यांनी. घरी आल्यावर हर्षलाला वाटलं, प्रवीणचं नाव लावायचं आणि त्याच्या साहेबांचं नाही, बरं दिसत नाही. नाव लावायला काय जातं? तिच्या आयुष्यात तिने पाहिलेली प्रत्येक पूजा, प्रत्येक क्रिकेटचा सामना, प्रत्येक पाण्याची टाकी अशाच नावांवर उभी होती. तिने हरेश साहेबांचं नाव यादीत लिहिलं. हुद्दा नाही, काम नाही, नुसता मान.

पण ती यादी फलक नव्हता. ती यादी यंत्र वाचायचं. यादीतल्या कुठल्याही दोघांनी संमती दिली की नवी आवृत्ती बाहेर. एकट्या कुणालाही, अगदी हर्षलालासुद्धा, काही करता येत नसे. हा नियमही तिचाच. एकदा तापात तिने एक बिघडलेली आवृत्ती सोडली होती, त्या दिवसापासून तिने आपलेच हात बांधून घेतले होते. जगात असं वागणारी माणसं बरीच असतील. मात्र मान म्हणून कुणाच्या हातात कुलपाची अर्धी चावी देणारी हर्षलाच.

राग आला की काही बायका भांडी आपटतात. हर्षला व्यवस्थित होते. तिने सगळे वाल सोलले, सालं शेळीला टाकली, ओटा पुसला, पुसलेला ओटा पुन्हा पुसला आणि प्रवीणला सात फोन केले. त्याने एकही उचलला नाही.

मंगळवारी ती स्कूटी काढून कुंभिवलीला गेली. कंपनीच्या फाटकासमोर टपरी होती. तिथे ती बाकावर बसली आणि जेवणाच्या सुट्टीची वाट बघत राहिली. प्रवीण बाहेर आला, तिला बघून थबकला, मग परत फिरायचं कसं म्हणून पुढे आला.

"ताई, तुम्ही इकडं कशा?"

"फोन उचलत नाहीस म्हणून. बस."

"मीटिंग हाय दोन वाजता."

"एक वाजलाय. बस, म्हटलं ना."

तो बसला. टपरीवाल्याने न विचारता दोन कटिंग ठेवले.

"गुरुवारी मोजणीला संमती कुणी दिली? तू आणि मी," हर्षला म्हणाली. "शनिवारी ती उलटवली कुणी? तू आणि साहेब. दोन दिवसांत तुझं मत फिरलं?"

"मत कुठं विचारतंय कोण ताई. मोठा ग्राहक येणार होता सोमवारी. साहेबांनी त्याला आधीच सांगून ठेवलेलं, आमचं सगळं शंभर टक्के लिखित हाय. आणि शनिवारी सकाळी पान उघडतायत तर एकतीस. माझ्या टेबलावर येऊन उभे राहिले. म्हणाले, हिचं काढून जुनं कर. मी केलं."

"हिचं म्हणजे माझं."

"तुमचंच."

"आणि त्या टिपा? कॅन्सल ऑल?"

प्रवीणने ग्लास हातात फिरवला. "एका दुपारी आठशे चाळीस टिपा टाकल्या मी. माणूस लिहील का आठशे चाळीस? मशीनला दिल्या लिहायला. तिनं नावं वाचली आणि टिपा केल्या. मी वाचल्या नाय."

"आणि सोनालीने वाचली, तर तिला घरी बसवलीत. वाचली नाही म्हणून."

"मला माहीत हाय ते."

"माहीत आहे, आणि सहा महिने भाकरी गोड लागते?"

प्रवीणने उरलेला चहा एका घोटात संपवला. टपरीवाला फडक्याने कोरडीच फळी पुसत राहिला.

"हे बघ," हर्षला म्हणाली, "साहेबांचं नाव यादीतून कमी करायचा प्रस्ताव मी टाकते. तू संमती दे. मग आपण दोघं मोजणी परत आणू. शनिवारच्या आत. त्या पोरीची नोकरी लटकली आहे."

"नाव कापू साहेबांचं? ताई, मी त्यांच्यासमोर बसतो रोज. सकाळी येऊन त्यांना दिसणार, प्रवीणनं आपलं नाव कापलं. दुपारी माझं कापतील." मग हळूच म्हणाला, "दुसरं काहीही सांगा. माझ्याच्यानं नाव नाय कापवणार."

"तुला असं भ्यायला शिकवलं कुणी रं?" हर्षला उठत म्हणाली. चहाचे पैसे तिने दिले, आणि त्याच्यासाठी दिल्याचं तिला घरी पोचेपर्यंत वाईट वाटत राहिलं.

बुधवारी ती वाल्मिकच्या छापखान्यात जाऊन बसली. घरी चार भिंतींना शिव्या देऊन झाल्या होत्या. वाल्मिक एका पत्रिकेचं प्रूफ तपासत होता, समोर मुलीचा बाप आणि मुलीचा काका बसले होते. बाप बाहेर पान थुंकायला गेला तसा काका वाल्मिकला म्हणाला, "निमंत्रकात माझं नाव पहिलं पायजे. तारीख मी ठरवणार." काका चहा सांगायला गेला तसा बाप आत आला आणि कुजबुजला, "त्याला निमंत्रकातून काढ रं. तो लग्न मोडंल."

वाल्मिकने दोघांनाही मान डोलावली. ते गेल्यावर हर्षलाने विचारलं, "आता काय करणार तू? नाव कापणार?"

"येडी का खुळी? नाव कापलं तर कोयता निघंल." त्याने पेनाने खूण केली. "हे बघ. निमंत्रकातून उचलायचं आणि इथं, गणपतीच्या खाली, 'आशीर्वाद' म्हणून एकटं ठेवायचं. ठळक टाईप, दोन पॉइंट मोठा. काका खूश. फोटो काढून भावकीत पाठवंल. आणि आशीर्वादवाल्याला तारीख कोण विचारतंय?"

"त्याच्या लक्षात येत नाही?"

"पत्रिकेत लोक आपलं नाव वाचतात गं. बाकीचं कोण वाचतं? तीस वर्षांत कुणी वाचलेलं बघितलं नाय मी."

हर्षला बराच वेळ त्या प्रूफकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला घरी जायचंय."

त्या दुपारी तिने यादीचे दोन भाग केले. वर 'मार्गदर्शक', खाली 'सांभाळणारे'. यंत्राला खालचाच भाग वाचायला शिकवलं. त्याच प्रस्तावात खऱ्या मोजणीची ओळही परत आणली. आणि मग ती टीप लिहायला बसली. एकही शब्द लपवायचा नाही, हे तिने आधीच ठरवलं होतं. लपवून जिंकलं तर राग कुणावर धरायचा?

पहिलं वाक्य लिहिलं, 'हरेश साहेबांचं नाव यापुढे मार्गदर्शक म्हणून सर्वांत वर, ठळक अक्षरांत राहील.' दुसरं, 'मार्गदर्शकांना संमतीचा अधिकार राहणार नाही.' तिसरं, 'नावाचीच उजळणी करणाऱ्या टिपा मोजल्या जाणार नाहीत. गुरुवारची मोजणी परत येत आहे.' चौथं, 'त्यामुळे काही पानं पुन्हा लाल होतील, आणि तसंच व्हायला हवं.' हे सगळं आधी मराठीत, खाली इंग्रजीत. कॅन्सल ऑलसारखा अख्खा दाखला दिला. अशी भरगच्च टीप तिने बारा वर्षांत लिहिली नव्हती. संध्याकाळी तिने प्रस्ताव पाठवला, स्वतःची संमती जोडली आणि दुसऱ्या संमतीची वाट बघत राहिली.

गुरुवारी सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी संमती आली. प्रवीणची नव्हती. हरेश साहेबांची होती. सोबत हात जोडल्याचं चित्र, आणि 'खूप आभारी आहे मॅडम, याची गरज नव्हती.'

आवृत्ती बाहेर पडली. तासाभरात पानं नव्याने निघाली आणि कुंभिवलीची कंपनी एकतीसवर आली.

पावणेबाराला प्रवीणचा मेसेज आला. 'ताई, साहेबांनी पहिलीच ओळ वाचली.'

तिने विचारलं, 'तू किती वाचलंस?'

'सगळं. रात्रीच.'

'मग सांगितलं का नाहीस त्यांना?'

त्याला उत्तर आलं नाही. हर्षलाने फोन उपडा ठेवला. त्या मुलावरचा तिचा राग थोडासा हलला, पण गेला नाही. न बोलून केलेला चांगुलपणा तिला कधीच पुरेसा वाटला नव्हता.

साहेबांचा फोन शुक्रवारी आला. बहुधा ग्राहकाने पान उघडलं असावं.

"मॅडम, हे काय केलंत तुम्ही?"

"मी एकटीने काय करणार साहेब? तुमची संमती आहे. दहा वाजून चार मिनिटं."

"मला वाटलं ते नावाचं आहे."

"नावाचंही आहे. वर आहे बघा, ठळक."

"मी पूर्ण वाचलं नव्हतं हो."

 हे वाक्य तिला आयतं मिळालं होतं आणि ते वाया घालवण्याइतकी ती संत नव्हती. "साहेब, तुमच्याकडे एक छापील कागद असेल बघा. 'सूचना नीट न वाचल्यामुळे' असं असतं त्यावर. सोनालीला दिलेला. त्याची एक प्रत काढून तुमच्याच टेबलावर ठेवा."

"तुम्ही भलतीकडे नेताय. प्रवीण सामील आहे ना यात?"

"प्रवीणने बोटसुद्धा लावलेलं नाही. नोंद उघडा आणि बघा. दोनच नावं आहेत, एक माझं, एक तुमचं."

"मग माझं नाव काढा यादीतून. आत्ताच्या आत्ता."

"नाव कापायची आमच्याकडे पद्धत नाही," हर्षला म्हणाली आणि फोन ठेवला.  

शनिवारी सोनाली दारात आली. या वेळी चपला काढल्या. "काकी, तू चल माझ्यासोबत. मी एकटी बोलले तर परत खोटी पडेन."

खोपोलीचं ऑफिस एका दवाखान्याच्या वर होतं. संजना मॅडम हर्षलाच्याच वयाच्या, चष्मा कपाळावर ढकललेला. त्यांनी पान उघडूनच ठेवलं होतं.

"मागच्या गुरुवारी लाल होतं असं ही म्हणते," त्या म्हणाल्या. "सोमवारी मी हिरवं पाहिलं. आज लाल. उद्या काय असेल? मी कशावर विश्वास ठेवायचा?"

"रंगावर ठेवू नका," हर्षला म्हणाली. "टीप वाचा. मोठ्याने."

मॅडमनी वाचली. "हे सगळं कॅन्सल करतं."

"आता त्याखालचा कोड वाचा. गिऱ्हाइकाचं नाव कुठे जातं ते बघा."

मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला. बोटाने एकेक ओळ खाली आल्या. खालून दवाखान्यातल्या लेकराचं रडणं येत होतं. एका ओळीपाशी त्यांचं बोट थांबलं, मग वर गेलं, पुन्हा तिथेच आलं.

"नाव वापरलंच नाहीये," त्या म्हणाल्या.

"नाही."

"आणि यावर शंभर टक्के दिलं कुणी? मूर्खपणा आहे हा. असा आकडा कोण काढतं?"

सोनालीने हर्षलाकडे बघितलं. हर्षलाला सांगता आलं असतं, मशीनने टिपा लिहिल्या, प्रवीणने वाचल्या नाहीत, हरेश साहेबांना ग्राहक हवा होता. सगळं खरं होतं आणि सगळं जिभेवर होतं.

"मी काढला," ती म्हणाली. "टिपण माझं आहे. दोन वर्षं मी टिपा नुसत्या मोजल्या, वाचल्या नाहीत. हिने जे वाचलं ते बरोबर वाचलं. पान चूक होतं, आणि ते बरोबर आहे असं मी वर हिरव्या रंगात सांगत होते. तुम्हाला हवं तर लिहून देते, सही करून."

"द्या लिहून," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी कागद पुढे केला. हर्षलाने तिथेच बसून लिहिलं, सही केली, खाली फोन नंबर घातला. मॅडमनी तो कागद वाचला. शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, हे हर्षलाने नीट बघितलं. मग त्यांनी तो सोनालीच्या अर्जाला टाचला आणि म्हणाल्या, "एक तारखेपासून ये. तीन महिने बघू."

जिना उतरून दोघी रस्त्यावर आल्या. हर्षलाने स्कूटीची किल्ली पिशवीत शोधली. सोनाली मागे बसली नाही, उभीच राहिली.

"तीन महिने बघणार म्हणे. काय बघणार?" हर्षला म्हणाली. "चूक त्यांची आणि परीक्षा तुझी."

"काकी."

"काय?"

"तू आधीच नीट मोजलं असतंस ना, तर मी हे सहा महिने घरी बसले नसते."

हर्षलाने तिच्याकडे बघितलं. पोरीच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला सोसेना. आठवडाभर तिने ज्याला त्याला धारेवर धरलं होतं. आता धरायला समोर कुणी उरलं नव्हतं.

"हो," ती म्हणाली. "नसती बसलीस."

"बरं," सोनाली म्हणाली आणि मागे बसली.